‘दोन्ही चालेल’ला इंग्रजीत काय म्हणायचं? बोथ, आयदर, नायदर आणि भाऊबंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी संध्याकाळी मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग घेते. नोकरीवरून थकून आलेली, पोरांचा अभ्यास घेता घेता आपणही शिकावं म्हणणारी, परदेशी सुनेशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून आलेली मंडळी. काळ, क्रियापदं वगैरे ते निभावून नेतात, पण ‘दोन’चा विषय निघाला की गाडी हमखास अडते. तिथे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

‘टी ऑर कॉफी?’ विचारल्यावर मी ‘बोथ’ म्हटलं. चुकलं कुठे?

वर्गातल्या एका काकांची ही खरी फजिती. मुलाकडे परदेशी गेले असताना शेजारणीने चहा की कॉफी विचारलं. काकांच्या मनात मराठी वाक्य तयार होतं: ‘दोन्ही चालेल.’ तोंडून आलं, ‘बोथ विल डू.’ बाई आत गेल्या आणि दोन कप घेऊन आल्या. काकांनी मुकाट्याने आधी चहा प्यायला, मग कॉफी.

‘दोन्ही चालेल’ म्हणताना आपल्याला दोन कप नको असतात. ‘जे केलं असेल ते द्या’ एवढंच म्हणायचं असतं. त्याला इंग्रजीत ‘आयदर इज फाइन’. ‘बोथ’ म्हणजे खरोखरच दोन्ही, एकाच वेळी, सगळं ताटात वाढून.

खोट ऐकणाऱ्याच्या कानात नाही की काकांच्या व्याकरणातही नाही. आपला ‘दोन्ही’ हा शब्द एकटा तीन जणांचं काम करतो. ‘दोन्ही घेतले’ म्हणजे बोथ, ‘दोन्ही चालेल’ म्हणजे आयदर आणि ‘दोन्ही नको’ म्हणजे नायदर. मराठीत पुढचं क्रियापद अर्थ सांभाळून घेतं. इंग्रजीत तो निवाडा आधीच, शब्द उचलतानाच करावा लागतो.

मग शब्द ठरवायचा कसा?

इंग्रजीत जाण्याआधी मराठी वाक्य थोडं उकलून घ्या. ‘दोन्ही’ काढून तिथे ‘दोन्ही मिळून’ बसलं तर बोथ. ‘दोनपैकी कुठलंही एक’ बसलं तर आयदर. ‘दोनपैकी एकही नाही’ बसलं तर नायदर. वस्तू किंवा माणसं तीन झाली की हे तिन्ही शब्द बाद. बोथच्या जागी ऑल, आयदरच्या जागी एनी, नायदरच्या जागी नन. ‘एनी ऑफ द टू’ आणि ‘नन ऑफ द टू’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतात, पण लेखी मजकुरात टाळा.

यावरून एकाने विचारलं होतं की मतदान यंत्रावरच्या ‘नोटा’चं काय? २०१३ पासून आपल्याकडे ‘नन ऑफ द अबव्ह’ हा पर्याय आहे. एखाद्या मतदारसंघात दोनच उमेदवार उभे राहिले तर व्याकरणाच्या हिशेबाने तिथे ‘नायदर’ लिहायला हवं. पण बटणाचं नाव दर मतदारसंघात बदलत बसणं कोणाला परवडणार? राहू दे ‘नन’च.

‘बोथ ऑफ देम डिड नॉट कम’ हे वाक्य चूक आहे का?

चूक म्हणण्यापेक्षा घोटाळ्याचं आहे. आपल्या मनात असतं, ‘दोघंही आले नाहीत.’ मराठीत याचा अर्थ स्वच्छ आहे, घरी एकही जण फिरकला नाही. इंग्रजी ऐकणाऱ्याला मात्र शंका येते की दोघं आले नाहीत, म्हणजे एकच आला का? ‘नायदर ऑफ देम केम’ म्हणा, शंकेला जागाच राहत नाही.

एक जपायचं. नायदरमध्ये नकार आधीच आहे. ‘नायदर ऑफ देम डिड नॉट कम’ म्हटलं तर नकारावर नकार चढतो. मराठीत ‘कोणीच आलं नाही’मध्ये ‘कोणीच’ आणि ‘नाही’ गुण्यागोविंदाने नांदतात, म्हणून ही चूक हातून होते. क्रियापदाबरोबर ‘नॉट’ ठेवायचाच असेल तर मागे आयदर घ्या: ‘आय डोन्ट वाँट आयदर.’ मला दोन्ही नको.

‘माय बोथ हँड्स’मध्ये काय बिघडलं?

शब्दांची रांग. आपण ‘माझे दोन्ही हात’ म्हणतो, म्हणून ‘माय बोथ हँड्स’ अगदी नैसर्गिक वाटतं. इंग्रजीत बोथ सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहतो: ‘बोथ माय हँड्स’, ‘बोथ द डोअर्स’, ‘बोथ हर सन्स’. ‘द बोथ’ असंही लिहीत नाहीत.

शिवाय ‘बोथ’ची जोडी ‘अँड’शी असते. ‘बोथ पुणे अ‍ॅज वेल अ‍ॅज नाशिक’ असं अर्जांमध्ये वाचायला मिळतं. ‘बोथ पुणे अँड नाशिक’ पुरे. तसंच ‘नायदर’ची जोडी ‘नॉर’शी आणि ‘आयदर’ची ‘ऑर’शी.

पुढे इज की आर?

बोथला आर. आयदर आणि नायदर एकटे असतील तर इज, कारण दोघांकडे एकेक करून पाहिलं जातं. बोलताना ‘नायदर ऑफ देम आर’ इंग्रज माणूसही म्हणतो, परीक्षेत मात्र इज लिहा. ‘नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स’ अशी जोडगोळी असेल तर क्रियापद जवळच्या शेजाऱ्याचं ऐकतं. शेजारी स्टुडंट्स, म्हणून आर.

बँकेच्या फॉर्मवरचं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे नक्की काय? सही कोणाची लागते?

या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. इथे शब्द चुकला तर गुण जात नाहीत, पैसे अडकतात.

खातं दोघांच्या नावावर उघडताना ते कसं चालवायचं ते विचारतात. ‘जॉइंटली’वर खूण केली तर प्रत्येक चेकवर दोघांच्याही सह्या, म्हणजे हा खराखुरा बोथ. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याने व्यवहार करावा आणि एकाचं बरंवाईट झालं तर मागे राहील त्याने करावा. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे ज्याचं नाव पहिलं, तो हयात असेपर्यंत सही त्याचीच. दुसऱ्याचा नंबर त्याच्या पश्चात. खातेदार तीन किंवा जास्त असतील तर आयदर चालत नाही, तिथे ‘एनीवन ऑर सर्व्हायव्हर’ येतं. ही भाषा ठरवणाऱ्याने दोन आणि तीनमधला फरक काटेकोर पाळला आहे, हे मला फार आवडतं.

माझ्या मावशीने खातं उघडताना ‘जॉइंटली’वर खूण केली. कारण काय, तर ‘जॉइंट अकाउंट आहे, मग जॉइंटली नको का?’ काउंटरवरच्या माणसानेही काही सुचवलं नाही. दोन वर्षांनी तिच्या यजमानांच्या, म्हणजे आमच्या काकांच्या, उजव्या हाताला प्लास्टर लागलं. दवाखान्याचं बिल समोर, खात्यात पैसे आहेत, मावशी धडधाकट, आणि चेक मात्र पास होईना, कारण दुसरी सही हवी. शेवटी काकांनी डाव्या हाताने केलेली सही नमुन्याशी जुळली नाही म्हणून परत आली. पुढचं मी सांगत नाही. हिंदी फॉर्मवर सर्व्हायव्हरला ‘उत्तरजीवी’ असा भारदस्त शब्द असतो. मावशी म्हणाली, ‘तो शब्द वाचूनच मला वाटलं, आपल्याला काही मरायची घाई नाही, दुसरीकडे खूण करू.’

तुमचं जुनं खातं असेल तर पासबुक उघडून पाहा. ‘ई ऑर एस’ अशी आद्याक्षरं दिसली तर आयदर.

दोनसाठीच वेगळे शब्द कशाला? तीनसाठी तर नाहीत.

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर ‘देवः देवौ देवाः’ आठवेल. मधलं ते द्विवचन. संस्कृतात ‘आम्ही दोघं’साठी ‘आवाम्’, ‘तुम्ही दोघं’साठी ‘युवाम्’ असे खास शब्द होते. प्राकृतापर्यंत येता येता द्विवचन गळून पडलं, म्हणून मराठीला ते मिळालंच नाही.

जुन्या इंग्रजीतही हेच होतं. ‘आम्ही दोघं’ला ‘विट’, ‘तुम्ही दोघं’ला ‘यिट’ म्हणत. तेराव्या शतकाच्या सुमारास हे शब्द वापरातून गेले. पण घर पडलं तरी काही खांब उभे राहतात, तसे बोथ, आयदर, नायदर, अदर मागे उरले.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. संस्कृतात ‘दोघांपैकी कोण’ला ‘कतर’ आणि ‘अनेकांपैकी कोण’ला ‘कतम’ म्हणतात. ज्या मुळातून आपला ‘कतर’ आला त्याच मुळातून इंग्रजीचा ‘वेदर’ आला. हवामानाचा नव्हे, ‘की नाही’ या अर्थाचा. त्याचा जुना अर्थ ‘दोघांपैकी कोण’ हाच. १६११ च्या इंग्रजी बायबलात तो त्याच अर्थाने सापडतो. आयदर आणि नायदरच्या पोटातही हाच ‘वेदर’ दडलेला आहे. आणि ‘बोथ’ हा आपल्या ‘उभय’चा लांबचा भाऊ. लग्नपत्रिकेत ‘उभयतांस शुभाशीर्वाद’ लिहिणाऱ्याला आपण कोणाच्या नातलगाचं नाव छापतोय याची कल्पना नसते.

‘ऑन आयदर साइड ऑफ द रोड’ म्हणजे एका बाजूला की दोन्ही?

दोन्ही. ‘ट्रीज ऑन आयदर साइड’ म्हटलं की रस्त्याच्या दुतर्फा झाडं. वर्गात इथे दरवेळी गोंगाट होतो, कारण आत्ताच तर आयदर म्हणजे कुठलंही एक असं सांगितलं. तक्रार रास्त आहे, पण दोष इतिहासाचा. आयदरचा मूळ अर्थ ‘दोघांपैकी प्रत्येक’ असाच होता, ‘कुठलाही एक’ हा अर्थ नंतर रुजला. बाजू, टोक, हात अशा मुळातच जोडीने येणाऱ्या गोष्टींबरोबर तो जुना अर्थ टिकून राहिला. तुम्ही लिहिताना सरळ ‘बोथ साइड्स’ लिहा. विशेषतः सम-विषम तारखांना बाजू बदलणाऱ्या पार्किंगच्या गल्लीत राहत असाल आणि सोसायटीची नोटीस लिहायची असेल तर आयदरच्या वाटेला जाऊ नका.

ईच आणि एव्हरी, दोघांनाही ‘प्रत्येक’च ना?

हो, पण दोन असतील तेव्हा एव्हरी चालत नाही. ‘ईच हँड’ म्हणता येतं, ‘एव्हरी हँड’ म्हटलं की हात तीनपेक्षा कमी नाहीत असं ऐकणारा धरतो.

ईचचा खरा उपयोग बोथची संदिग्धता घालवायला होतो. ‘बोथ ब्रदर्स बॉट अ फ्लॅट’ म्हणजे मिळून एक घेतला की दोघांनी दोन? वाटणीपत्र, भाडेकरार, मृत्युपत्र असलं काही लिहीत असाल तर बोथवर विसंबू नका. दोघांना वेगवेगळं मिळणार असेल तर ईच, एकत्र मिळणार असेल तर जॉइंटली किंवा टुगेदर. भावाभावांत पुढे कोर्टकचेरी होण्यापेक्षा आज एक शब्द जास्त लिहिलेला बरा.

दोघं असतील तर ‘ईच अदर’, जास्त असतील तर ‘वन अनदर’, हा नियम खरा का?

शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकात आहे, पण इंग्रजीच्या प्रत्यक्ष वापरात तो कधीच नीट पाळला गेला नाही. फाउलर या कडक शिस्तीच्या व्याकरणकारानेही १९२६ साली हा भेद ना उपयोगाचा ना परंपरेचा असं म्हणून मोडीत काढला. आपल्या ‘एकमेकां’ना दोन असोत की दहा, फरक पडत नाही. तसंच हे. परीक्षा देणाऱ्याने नियम पाळावा, बाकीच्यांनी निश्चिंत राहावं.

बिट्वीन दोघांत, अमंग अनेकांत. एवढंच ना?

नाही. बिट्वीनमध्ये ‘टू’चाच अंश आहे, ट्विन आणि ट्वाइसमध्ये आहे तोच. त्यामुळे नियम पटतो. पण तीन देशांमधला करार इंग्रजीत ‘बिट्वीन थ्री कंट्रीज’च असतो, कारण तिथे प्रत्येकाचा प्रत्येकाशी वेगळा संबंध असतो. अमंगमध्ये माणसं घोळक्यात मिसळलेली असतात. ‘अमंग फ्रेंड्स’ म्हणजे मित्रमंडळींत, कोण किती ते कोणी मोजत नाही. मराठीत ‘मध्ये’ आणि ‘दरम्यान’च्या पोतात जो फरक आहे, साधारण त्या जातीचा.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. ‘बिट्वीन १० टू १२’. दवाखान्याच्या पाट्यांवर, सोसायटीच्या फळ्यावर, पाणी सोडण्याच्या वेळापत्रकात, जिथे बघावं तिथे. बिट्वीनला अँड लागतो: ‘बिट्वीन १० अँड १२’. टू हवाच असेल तर सुरुवातीला फ्रॉम घ्या. माझ्या इमारतीच्या फळ्यावर मी खडूने दोनदा दुरुस्त केलं. दोन्ही वेळा वॉचमनने पुसून पुन्हा ‘टू’ लिहिलं, वर ‘मॅडम, असंच असतं’ हेही ऐकवलं.

‘दुसरा’ला सेकंड, अदर की अनदर?

‘दोन्ही’नंतरचा हा दुसरा खड्डा. बघा, याच वाक्यात ‘दुसरा’ म्हणजे सेकंड. पण दुकानात शर्ट दाखवल्यावर ‘दुसरा दाखवा’ म्हणतो तेव्हा क्रमांक मनात नसतो, वेगळा हवा असतो. तो अनदर. आणि एक मोजा सापडला, ‘दुसरा कुठे गेला?’ यात मोजे दोनच आहेत, एक हातात आहे, उरलेला ठरलेलाच आहे. तो ‘द अदर’.

वर्गात एक बाई पेन मागताना ‘गिव्ह मी सेकंड पेन’ म्हणाल्या. समोरच्याने शांतपणे टेबलावरची पेनं डावीकडून मोजली आणि दुसरं उचलून दिलं. ते नेमकं बंद पडलेलं होतं. ‘आणखी एक’ किंवा ‘वेगळं’ म्हणायचं असेल तर अनदर, दोनांतलं उरलेलं असेल तर द अदर, रांगेतला क्रमांक असेल तर सेकंड. तीन मोज्यांपैकी एक हरवला तर काय, असं कोणीतरी विचारतंच. तीन मोजे ज्याच्याकडे आहेत त्याचे प्रश्न व्याकरणापलीकडचे आहेत.

दोघांत मोठा असेल तर बिगर की बिगेस्ट?

दोघांत तुलना असेल तर ‘द बिगर ऑफ द टू’, तिघांपासून पुढे बिगेस्ट. भावंडांसाठी एल्डर आणि एल्डेस्ट. दोन मुलगे असतील तर मोठा एल्डर, तीन असतील तर एल्डेस्ट. मराठीत थोरला-धाकटा आणि मग मधला. पेशव्यांतही पाहा, एकाच नावाचे दोन झाले की पहिले थोरले होतात. बाजीराव दोन, म्हणून थोरले बाजीराव. माधवराव दोन, म्हणून थोरले माधवराव आणि सवाई माधवराव. ‘एल्डर दॅन मी’ मात्र म्हणत नाहीत, ‘दॅन’ आला की ओल्डर.

फॉर्मर आणि लॅटर?

दोनच गोष्टींचा उल्लेख झाला असेल तर पहिली फॉर्मर, नंतरची लॅटर. उच्चार ‘लॅटर’, ‘लेटर’ नव्हे. वाचणाऱ्याला मागे वळून बघायला लावणारे शब्द आहेत, नाव पुन्हा लिहिलं तरी बिघडत नाही.

कपल, पेअर आणि ट्विन्स?

नवरा-बायकोची जोडी कपल, चपलांची जोडी पेअर. कात्री, चष्मा आणि पँट इंग्रजीत एकेकटी असूनही पेअर, कारण त्यांना दोन पाती, दोन काचा, दोन पाय. ‘कपल ऑफ डेज’ म्हणजे आपले ‘दोन-तीन दिवस’. प्लंबरने हे म्हटलं तर आठवडा धरा.

जुळ्यांतला एक तो ट्विन, दोघं मिळून ट्विन्स. ‘शी हॅज टू ट्विन्स’ ऐकून इंग्रजाला प्रश्न पडतो की मुलं दोन की चार. ‘शी हॅज ट्विन्स’ पुरतं.

‘टू ऑफ यू’ आणि ‘बोथ ऑफ यू’ यांत फरक काय?

वर्गात चाळीस मुलं आहेत आणि बाई म्हणाल्या ‘टू ऑफ यू कम हिअर’, तर कोणीही दोघांनी यावं. ‘द टू ऑफ यू’ म्हणाल्या तर बाकावर कुजबुजणारे ते ठरावीक दोघं. त्या एका ‘द’ने पोटात गोळा येतो. ‘बोथ ऑफ यू’मध्ये जोर ‘दोघंही’वर, एकट्याने येऊन भागणार नाही.

इंग्रजीतून मराठीत आणताना काय जपायचं?

इथे पारडं उलटं फिरतं, आता गरिबी इंग्रजीची. ‘बोथ लेफ्ट’ हे वाक्य एका सबटायटलच्या कामात समोर आलं. नुसता मजकूर हातात, चित्र नाही. दोघे गेले, दोघी गेल्या, दोघं गेली की दोन्ही गेले? पुरुष, बायका, जोडपं की ट्रक, काहीच कळेना. मी ‘दोघे गेले’ लिहून मोकळी झाले. नंतर चित्र पाहिलं तर त्या दोन गाई होत्या.

शिवाय ‘वुई टू’ला आम्ही दोघं की आपण दोघं, हा फरक इंग्रजीत नाहीच. ‘आपण दोघं जेवायला जाऊ’ आणि ‘आम्ही दोघं जेवायला जातोय’ यांत समोरच्याला ताट मिळणार की नाही हे ठरतं. संदर्भ वाचल्याशिवाय तिथे हात घालू नका.

आयदर म्हणायचं की ईदर?

दोन्ही चालेल. म्हणजे आयदर. ब्रिटनमध्ये आयदर जास्त, अमेरिकेत ईदर जास्त, आणि दोन्हीकडे दोन्ही ऐकू येतात.

कोणी ‘आय डोन्ट लाइक इट’ म्हटलं आणि मलाही आवडत नसेल तर ‘मी टू’?

नाही, ‘मी नायदर’. गेल्या आठवड्यात कँटीनमधल्या दुधी भोपळ्याच्या भाजीवर कोणीतरी हे पहिलं वाक्य म्हणालं आणि सगळ्या बाकांवरून एकसुरात ‘मी टू’ आलं. मागून फक्त दोन कपवाल्या काकांचा आवाज वेगळा होता: ‘मी नायदर.’